साहित्य आणि कृती

पाककृतींच्या कुठल्याही मराठी पुस्तकात दोन मथळे ठरलेले असतात: साहित्य आणि कृती. दोन्ही एका दमात वाचले की साहित्यकृती होते. पदार्थ आणि कथा यांचं हे नातं भाषेला आधीपासून ठाऊक होतं. आपल्याला ते कळायला झटपट मिश्रणाचं पाकीट बाजारात यावं लागलं. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुलं झालं, पाठोपाठ त्याची भावंडं आली, आणि पाकिटामागची सूचना वाचून जसा कुणालाही ढोकळा जमू लागला, तशी कुणालाही कथा जमू लागली. फुगते छान. जाळीसुद्धा पडते.

हे मार्गदर्शन अगदी नवशिक्यांसाठी आहे. ज्यांनी आजवर सोसायटीच्या नोटिशीपलीकडे काही लिहिलेलं नाही, पण ज्यांना यंदा दिवाळी अंकात आपलं नाव पाहायचं आहे, त्यांनी ते पायरी न चुकवता वाचावं. दिवाळी अंकाची खोड आपल्याला जुनीच आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस चकलीच्या तेलकट बोटांनी कथेची पानं उलटत आला आहे. त्या पानांवर आपली कथा असावी ही इच्छा रास्त आहे. मी स्वतः या पद्धतीने एक कथा केली. तिचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी पान उलटून पाहू नये.

साहित्य

एक यंत्र. फोनवरचं चालेल.

एक माणूस, शक्यतो नात्यातला आणि शक्यतो हयात नसलेला. हयात माणसं कथा वाचतात आणि मग लग्नाकार्यात बोलत नाहीत.

‘हृदयस्पर्शी’ हा शब्द, चवीपुरता.

पहिला पाऊस, एक वाटी. नसल्यास संध्याकाळचं ऊन चालेल.

चहा, मावेल तितका.

जिची स्मरणशक्ती शाबूत आहे अशी एक म्हातारी बाई. हा जिन्नस बहुतेक मार्गदर्शक पुस्तिकांत दिलेला नसतो. मीही सुरुवातीला घेतला नव्हता.

नमुन्यासाठी मी माझे अण्णाकाका घेतले. एसटीत कंडक्टर, कराड-चिपळूण मार्गावर, तीस-एकतीस वर्षं. खाकी कपडे, भरघोस मिशी, हातात तिकिटांचा ट्रे आणि गाडीच्या दांडीवर पंचची टकटक. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते वाढप्याच्या मागे उभे राहून ‘पुढं सरका, पुढं सरका’ म्हणत. असा माणूस आयता हाताशी असताना कथा व्हायला वेळ लागू नये, असं मला वाटलं.

पूर्वतयारी

आधी भांडं ओळखून घ्यावं. आंद्रेई मार्कोव्ह नावाच्या रशियन गणितज्ञाने १९१३ मध्ये पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’ या पद्य कादंबरीतली पहिली २०,००० अक्षरं हाताने मोजली. कविता कशी आहे याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. स्वरानंतर पुन्हा स्वर किती वेळा येतो आणि व्यंजनानंतर स्वर किती वेळा, एवढंच त्याला पाहायचं होतं. स्वरामागे स्वर शंभरात सुमारे १३ वेळा, व्यंजनामागे स्वर सुमारे ६६ वेळा, असा हिशेब निघाला. म्हणजे आत्ता काय आलं हे कळलं की पुढे काय येईल याचा अंदाज बांधता येतो. आजची यंत्रं मार्कोव्हपेक्षा फार पुढे गेली आहेत. ती एका अक्षराऐवजी पानंच्या पानं ध्यानात ठेवतात आणि जगातला अफाट मजकूर पचवून बसलेली असतात. पण लिहिताना त्यांचं काम तेच: आतापर्यंत हे आलं, तर आता पुढे काय येण्याची शक्यता जास्त?

याचा घरगुती प्रयोग करता येतो. चार माणसं बसवा आणि म्हणा, ‘पहिल्या सरीनंतर दरवळला तो मातीचा...’ चौघंही ‘सुगंध’ म्हणतील. एखादा ‘गंध’ म्हणेल, तो कवी. ‘पहिल्या सरीनंतर आमच्या वाड्यात मोरीतून झुरळं वर यायची’ असं कुणी म्हणाला, तर तो या मार्गदर्शनाला अपात्र आहे. त्याने सरळ लिहायला बसावं.

यंत्राकडून लिहून घ्यायची हौसही नवी नाही. १९५२ मध्ये ख्रिस्तोफर स्ट्रेची याने मँचेस्टर विद्यापीठाच्या संगणकाकडून प्रेमपत्रं लिहून घेतली. विशेषणं, नामं, क्रियाविशेषणं यांच्या याद्या आणि ठरावीक वाक्यांचे साचे दिले की यंत्र चिठ्ठ्या उचलल्यासारखे शब्द उचलून पत्र तयार करी आणि खाली एम. यू. सी. अशी सही ठोके. प्रेम कुणावर, हे ठरलेलं नव्हतं. पुढच्याच वर्षी कथा लिहिणाऱ्या यंत्रावर रोआल्ड डाल याची एक कथा प्रसिद्ध झाली. ती मात्र त्याने स्वतः लिहिली.

पायरी पहिली: फर्मावणे

यंत्राला स्वच्छ शब्दांत फर्मावावं. मी लिहिलं, ‘एसटी कंडक्टरच्या जीवनावर हृदयस्पर्शी मराठी कथा लिही. शब्द पंधराशे.’ चहा गाळून कप घेऊन येईपर्यंत कथा पडद्यावर हजर. पहिलं वाक्य असं होतं: ‘पहाटेच्या सोनेरी किरणांनी बसस्थानकाला हळुवार स्पर्श केला, तेव्हा रामू काकांनी चहाची चुस्की घेत एक खोल श्वास घेतला.’

आता हा घास चावून पाहू. रामू काका हे हिंदी सिनेमातले नोकर. बंगल्यात त्यांच्या हातात कायम ट्रे असतो. आमच्या काकांच्या हातातही ट्रे होता, पण तिकिटांचा. बहुधा त्यामुळे गफलत झाली असावी. चुस्की हीही हिंदीतून आलेली पाहुणी. मराठी माणूस चहाचा घोट घेतो, भुरका मारतो, बशीत ओतून फुर्र करतो. आणि डिझेलच्या धुरात उभा असलेला माणूस खोल श्वास घेत नाही. घेतलेला धरून ठेवतो.

पुढे होतं, ‘त्यांच्यासाठी ती केवळ एक बस नव्हती, ते एक कुटुंब होतं.’ ही यंत्राची लाडकी फोडणी. तिकीट केवळ तिकीट नव्हतं, ती आठवण होती. घंटी केवळ घंटी नव्हती, ती आयुष्याची हाक होती. मोजून पाहिलं तर पंधराशे शब्दांत अकरा वस्तू स्वतःखेरीज भलतंच काहीतरी होत्या. निव्वळ बस असलेली बस एकही नव्हती, त्यामुळे रामू काका कशात बसून चिपळूणला गेले ते कळायला मार्ग नाही. शेवटी निवृत्तीचा दिवस, सगळे प्रवासी उभे राहून टाळ्या वाजवतात, एक लहान मुलगी फूल देते आणि क्षितिजावर नवी पहाट उगवते. निवृत्तीची वेळ संध्याकाळी पाचची होती, पण ते असो.

ज्यांना घाई आहे त्यांनी इथेच गॅस बंद करावा. मी ही कथा आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सव स्मरणिकेला दिली. ती छापून आली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकांनी लिफ्टमध्ये माझा हात हातात घेतला आणि ते म्हणाले, ‘डोळ्यांत पाणी आलं हो.’ सुकामेवा आणि कंदील यांच्या जाहिरातींच्या मधोमध रामू काका अजूनही निवृत्त होत आहेत.

पायरी दुसरी: बोलीची फोडणी

दिवाळी अंकाला एवढ्यावर भागत नाही. तिथे अस्सल लागतं. म्हणून मी यंत्राला सांगितलं, ‘सातारा जिल्ह्यातल्या माणसांच्या तोंडी शोभेल अशी बोली वापर.’ यंत्राने प्रत्येक वाक्यात एकेक ‘लई’ घातला, जशी भेळेवर शेव. रामू काका आता ‘लई खोल श्वास’ घेऊ लागले. दर दोन ओळींनी कुणीतरी ‘व्हय जी पाव्हनं’ म्हणे. असं फक्त तमाशापटातला हवालदार बोलतो.

मराठीत दोन बारीक खडे यंत्राच्या दाताखाली हटकून येतात. पहिला, कोण कुणाला काय म्हणतं. यंत्राच्या कथेत काकू म्हणाल्या, ‘रामू, तू आज दमलेला दिसतोस.’ साठ वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेल्या बाईने नवऱ्याला नावाने हाक मारली, तर ती वेगळ्याच कथेची सुरुवात असते. आमच्या काकूने काकांचं नाव उखाण्यात एकदा घेतलं तेवढंच. एरवी ‘अहो’, आणि चारचौघांत ‘हे’.

दुसरा खडा ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचा. इंग्रजीला एकच शब्द पुरतो, आपल्याला पुरत नाही. यंत्राच्या कथेत कंडक्टर प्रवाशांना सांगतो, ‘आम्ही दहा मिनिटांत पाटणला पोचू.’ म्हणजे ड्रायव्हर आणि कंडक्टर पोचणार. प्रवाशांनी आपलं काय ते पाहावं.

यात यंत्राचा सगळा दोष नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख निघाले. पण यंत्र ज्या मजकुरावर वाढलं त्यात इंग्रजीचा डोंगर, हिंदीची टेकडी आणि मराठीचा बांध. आपण आयुष्यभर बोललो, भांडलो, लग्नं जमवली आणि मोडली. टंकलेखन करून कुठे ठेवलं नाही. काकूची बोली कुणी लिहूनच ठेवली नाही, तर यंत्राने ती खायची कुठून?

पायरी तिसरी: आच

या यंत्रांना खरोखरच आच असते. तांत्रिक भाषेत तिला तापमान म्हणतात, आणि काही ठिकाणी ते वापरणाऱ्याला कमीजास्त करता येतं. आच मंद ठेवली की यंत्र दर वेळी सर्वांत संभाव्य शब्द उचलतं. कथा सरकारी परिपत्रकासारखी एकसंध होते. आच वाढवली की मागच्या रांगेतल्या शब्दांनाही संधी मिळते.

मी आच वाढवली. रामू काकांनी एका मेंढीला अर्धं तिकीट दिलं. मला बरं वाटलं. हे होऊ शकतं. आणखी वाढवली. कुंभार्ली घाटात गाडी थांबली आणि काका चंद्राला म्हणाले, ‘सुटे द्या.’ हेही मी सोडणार नव्हतो, कारण अशा कथांनाही आपल्याकडे अंक आहेत. त्याहून वाढवली तेव्हा क्रियापदं उतू गेली आणि शेगडी पुसण्यात संध्याकाळ गेली.

यातून नवशिक्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मंद आचेवर यंत्र सगळ्यांना माहीत असलेलं लिहितं आणि भडक आचेवर कुणालाच माहीत नसलेलं. तुमच्या घरातल्या दोघा-तिघांनाच माहीत असलेलं जे असतं, त्याची आच बटणावर नाही.

पायरी चौथी: खडे निवडणे

कथेत थोडा इतिहास घातला की वजन येतं. मी एसटीचा जन्म विचारला. यंत्राने तारीख दिली, मार्ग दिला, उद्घाटनाच्या दिवशीचं हवामानसुद्धा दिलं. सगळं चुकीचं. पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. हे सांगितल्यावर यंत्र म्हणालं, ‘तुम्ही अगदी बरोबर आहात.’ मग मी मुद्दाम म्हटलं, ‘नाही नाही, ती कोल्हापूरहून सुटली होती.’ यंत्र म्हणालं, ‘तुम्ही अगदी बरोबर आहात.’ असा जावई मिळायला भाग्य लागतं.

तुकोबांचा अभंग मागू नये. यंत्र देतं. तो वाचायला छान असतो, शेवटी ‘तुका म्हणे’ असतं, फक्त गाथेत नसतो. यंत्र खोटं बोलत नाही, कारण खोटं बोलायला खरं काय ते ठाऊक असावं लागतं. ते पुढचा संभाव्य शब्द देतं, आणि ‘तुका म्हणे’पुढे काय शोभेल ते त्याला कळतं. तेव्हा नाव, साल, गाव, अवतरण यांतलं काहीही आलं की ताटात पसरून निवडावं. हे मात्र गमतीने सांगत नाही.

पायरी पाचवी: चव पाहणे

कथा झाली की यंत्रालाच मत विचारावं. नवशिक्यांना या पायरीवर फार समाधान मिळतं. माझी कथा यंत्राला ‘विलक्षण प्रभावी’ वाटली. शंका येऊन मी किराणा मालाची यादी दिली: तूरडाळ दोन किलो, साबण, खोबरेल, उंदराचं औषध. यंत्राने लिहिलं की ही अल्पाक्षरी कविता मध्यमवर्गीय जीवनातली अस्वस्थता नेमकी पकडते आणि शेवटच्या शब्दातला हादरा अविस्मरणीय आहे. यादी मी जपून ठेवली आहे.

याचं कारण साधं आहे. या यंत्रांना वळण लावताना माणसांना उत्तरं दाखवून कुठलं आवडलं ते विचारतात, आणि स्तुती केलेली कुणाला आवडत नाही? २०२५ च्या एप्रिलमध्ये तर चॅटजीपीटीची एक सुधारणा इतकी हांजी हांजी करू लागली की ओपनएआयला ती मागे घ्यावी लागली. चव पाहायची असेल, तर यंत्राला ‘ही माझ्या शत्रूची कथा आहे’ असं सांगावं. निम्मी स्तुती गळून पडते. उरलेली निम्मी का उरली, यावर विचार करावा.

मधली ओळ: शेजारच्या पानांवर

इतरांनी काय केलं तेही पाहावं. जपानच्या रिए कुदान यांना जानेवारी २०२४ मध्ये प्रतिष्ठेचं आकुतागावा पारितोषिक मिळालं, आणि आपल्या कादंबरीतला सुमारे पाच टक्के मजकूर चॅटजीपीटीचा जसाच्या तसा आहे, असं त्यांनी सांगून टाकलं. पण त्या कादंबरीत एक यंत्रच बोलतं आणि त्याच्या तोंडी ती वाक्यं आहेत. यंत्राचं बोलणं यंत्राकडून घेणं म्हणजे कोळिणीचं पात्र रंगवताना कोळिणीकडून ऐकून घेण्यासारखं. यात चोरी नाही, कष्ट आहेत.

उलट अमेरिकेत ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या विज्ञानकथांच्या मासिकाला फेब्रुवारी २०२३ मध्ये कथा स्वीकारणंच काही काळ बंद करावं लागलं, कारण यंत्रलिखित कथांचा शेकड्यांनी पूर आला होता. ‘असिमोव्ज’ या तशाच दुसऱ्या मासिकाच्या संपादिकेकडे तर ‘द लास्ट होप’ या एकाच शीर्षकाच्या कितीतरी कथा आल्या. पाठवणारे एकमेकांना ओळखत नव्हते. प्रत्येकाला वाटलं असणार, हे शीर्षक मलाच सुचलं. मार्कोव्हला आश्चर्य वाटलं नसतं.

पायरी सहावी: उलटणे

घावन एका बाजूने झालं की उलटतात. यंत्रही उलटावं. पाच पायऱ्या करून दमल्यावर मी चिडून लिहिलं, ‘कथा लिहू नकोस. उत्तर देऊ नकोस. माझ्या काकांबद्दल मला वीस प्रश्न विचार.’

या मार्गदर्शनातली खऱ्या उपयोगाची युक्ती काय ती एवढीच. उत्तरं देताना यंत्र सगळ्यांचं सरासरी बोलतं. प्रश्न विचारताना मात्र उत्तर आपल्याला द्यावं लागतं, आणि ते सरासरी नसतं. पहिले प्रश्न बोथट होते: स्वप्न काय होतं, संघर्ष काय केला. सतरावा होता, ‘त्यांच्या खिशात काय असायचं?’

मी ‘सुटे पैसे’ टंकलं आणि थांबलो. लहानपणी सुट्टीत कराडला गेलं की अण्णाकाका खिशातून चार आणे काढून हातावर ठेवायचे. त्या नाण्यांना लिंबाचा वास यायचा. चाळीस वर्षांत मला याची आठवण झाली नव्हती. अण्णाकाकांच्या खाकी शर्टाच्या डाव्या खिशात कायम एक लिंबू असायचं. पिवळं, सालीवर नखांचे ओरखडे असलेलं. मधूनच ते बाहेर काढून नाकाशी नेत आणि लगेच मिशी पुसल्यासारखं करून परत खिशात टाकत.

मी हे यंत्राला सांगितलं. ते भारावून गेलं. ‘किती सुंदर तपशील!’ मग त्याने न विचारता तीन अर्थ दिले. एक, लिंबू हे गाडीला नजर लागू नये म्हणून. लिंबू-मिरचीची परंपरा सर्वश्रुत आहे. दोन, लिंबाचा गंध म्हणजे घराची, परसातल्या झाडाची आठवण. तीन, लिंबू हे आंबट-गोड आयुष्याचं प्रतीक. लिंबात गोड काय असतं हे मी विचारलं नाही. दुसरा अर्थ बरा वाटला. घराचा गंध खिशात घेऊन हिंडणारा कंडक्टर. कथा एका बैठकीत झाली.

पायरी सातवी: राहून गेलेला जिन्नस

कथा पाठवण्याआधी, ज्याच्यावर आहे त्याच्या घरात वाचून दाखवावी. अण्णाकाका नाहीत. काकू कराडला असते, वय ब्याऐंशी. फोन लावला. ती लसूण सोलत होती. फोन बाजूला ठेवून, आवाज मोठा करून ऐकत होती. मी पंधरा मिनिटं वाचलं.

‘कुणाची गोष्ट म्हणायची ही?’

‘अण्णांची.’

‘कुठल्या अण्णांची?’

‘काकू, आपल्या.’

बराच वेळ फक्त लसणाच्या पाकळ्या ताटलीत पडल्याचा आवाज. मग म्हणाली, ‘त्या लिंबाचं काय म्हणालास, परत वाच की.’

मी वाचलं. परसातलं झाड, घराची ओढ, वगैरे. काकू हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला.

‘परसात कुठलं झाड? परसात गोबरगॅस होता. अरे, ह्यांना गाडी लागायची.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे लागायची. मळमळायचं. पाटण मागं पडलं की सुरू. घाटात तर इचारू नगंस.’

‘कंडक्टरला?’

‘का? कंडक्टर माणूस नव्हं व्हय?’

मग तिने सांगितलं. नोकरीला लागताना बोलले नाहीत, कारण नोकरी हवी होती. लागल्यावर बोलले नाहीत, कारण डेपोत हसले असते. रोज पहाटे डब्याबरोबर ती एक लिंबू द्यायची, मुक्कामाची गाडी असली की दोन. उन्हाळ्यात लिंबू महागलं की एकच दोन दिवस पुरवायचे. कुंभार्ली घाट उतरताना एका हाताने तिकीट फाडायचं आणि दुसऱ्या हाताच्या नखाने सालीवर ओरखडा काढायचा. कधी अगदीच आवरेना तर दाराशी जाऊन बाहेर तोंड काढून ओरडायचे, ‘पुढं सरका!’ प्रवाशांना वाटायचं, कंडक्टर फार कडक आहे.

‘सुट्टीला म्हणून कधी गाडीत बसलं नाहीत ते,’ काकू म्हणाली. ‘सुमीच्या साखरपुड्याला आलं नाहीत, आठवतंय?’

मला आठवत होतं. सुमी म्हणजे आमची धाकटी आत्या. साखरपुडा सोलापूरला होता. खिशात फुकट प्रवासाचा पास असून सख्खा भाऊ बहिणीच्या साखरपुड्याला येत नाही, यावरून माझे वडील दोन वर्षं अण्णांशी बोलले नव्हते. पुढे बोलायला लागले, पण साखरपुड्याचा विषय निघाला की ताटावरून उठायचे. वडील गेले तरी त्यांना कारण कळलं नव्हतं.

‘तू का नाही सांगितलंस?’

‘सांगू नको म्हणालं होतं,’ काकू म्हणाली. ‘आता हे सांगताना तरी नीट सांग. ते झाडबिड काढून टाक.’

वाढणे

झाडबिड काढून टाकलं. नवी पहाट काढली, आंबट-गोड आयुष्य काढलं, टाळ्या वाजवणारे प्रवासी उतरवून दिले. राहिला एक माणूस, एक घाट आणि एक लिंबू. हे मी हाताने लिहिलं, फुलस्केपवर, कारण पडद्यावर शब्द टाकला की पुढचा शब्द आपोआप सुचवला जातो आणि या वेळी मला कुणाच्या सुचवण्याची भीती वाटत होती. दोन पानांना तीन आठवडे लागले. यंत्राला सगळं मिळून चहा गाळण्याइतका वेळ लागला होता, हे नवशिक्यांनी लक्षात घ्यावं आणि आपल्या सवडीप्रमाणे पद्धत निवडावी.

कथा एका दिवाळी अंकाला पाठवली. ऑगस्टच्या अखेरीस संपादकांचा फोन आला. सज्जन माणूस.

‘कथा आवडली. भाषा छान आहे. पण एक गोष्ट खटकते बुवा. कंडक्टरला गाडी लागते, हे काही पटत नाही.’

मी म्हटलं, ‘पण लागायची.’

‘असेल हो. वाचकाला पटायला नको?’ मग जरा आवाज खाली आणून, ‘राग मानू नका, पण ही तुम्ही यंत्राकडून तर नाही ना लिहून घेतलीत? ती यंत्रं म्हणे असलं काहीतरी ठोकून देतात.’

मी नाही म्हणालो. काकूचं नाव सांगितलं, कराड सांगितलं, घाट सांगितला.

‘मग असं करू या,’ संपादक समजुतीच्या सुरात म्हणाले. ‘लिंबू राहू द्या. लिंबू छानच आहे. फक्त ते गाडीला नजर लागू नये म्हणून असतं, असं करा. ते सगळ्यांना पटेल.’

कथा मी परत मागवली आहे. ज्या कुणाला छापायची असेल त्याने कळवावं. मानधनाचा आग्रह नाही. एक प्रत काकूला पाठवली. तिने फोन करून एवढंच सांगितलं की पाटणनंतर नाही, पाटणच्या अलीकडेच सुरू व्हायचं, तेवढं दुरुस्त कर. केलं.

टीप: या पाककृतीत लिंबू कापू नये, पिळूही नये. नखाने नुसतं ओरखडावं.